ठोकळ्यावाली

बाई, तुमची नात माझ्या नाचाच्या क्लासला येते. तुम्ही जिथे असाल तिथे हे ऐकून तुम्हाला ठसका लागावा, एवढीच माझी सुरुवातीला इच्छा आहे. शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात तुमची लेक तिला हाताला धरून आमलीतला माझा जिना चढून आली. खाली टाइल्सचं दुकान, वर माझा हॉल आणि जिन्यात पोरींच्या चपलांचा ढीग. तुमच्या लेकीनं ओढणी सावरत तो ढीग ओलांडला आणि ती दारातच थबकली. जावईबापूंना खडोलीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी लागली म्हणून ती इतक्या वर्षांनी सिल्वासाला परत आली आहे. "अय्या, तू?" ती म्हणाली. "अगं, तू तर आमची ठोकळ्यावाली!" हे माझ्या विद्यार्थिनींसमोर. त्यातली एक फिस्सकन हसली. मीही हसले. मनात नसलेलं हसू चेहऱ्यावर कसं आणायचं, हे मी तुमच्या हॉलमध्येच पाहून पाहून शिकले होते. मग तिनं लेकीला पुढे केलं. "हिला शिकव. तिकडे थोडं शिकलीये, आणि माझ्या आईचं रक्त आहे, पटकन उचलेल." मी पोरीकडे पाहिलं. दहा-अकरा वर्षांची, तुमचंच रुंद कपाळ आणि तुमचीच ती जरा वर उचललेली हनुवटी. खरं सांगते बाई, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेवटी तुम्ही माझ्या तावडीत सापडलात, असं वाटलं.

तुम्ही मला केव्हाच विसरला असाल. मी तुम्हाला एक दिवस विसरले नाही, आणि त्यात प्रेमाचा भाग नाही. तुमच्या सरकारी क्वार्टरचा पुढचा हॉल अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सोफा भिंतीला सरकवलेला, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी, खिडकीत क्रोटनच्या कुंड्या. तुमचे मिस्टर प्रशासनात साहेब. क्लासमधल्या पोरी साहेबांच्या, डॉक्टरांच्या, शाळेतल्या शिक्षकांच्या. सगळ्या मुंबईकडच्या नाहीतर कोकणातल्या, घरी पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या. मी एकटी आमलीतल्या चाळीतली. आबा जळगावकडून आलेले, खडोलीला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही मला नाचताना पाहिलंत आणि "हिला माझ्याकडे पाठवा" म्हणालात. एवढं श्रेय तुमचं, ते मी नाकारत नाही. आबांनी ती गोष्ट कारखान्यात ज्याला त्याला सांगितली. संध्याकाळी मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून तुमच्या फाटकाशी सोडायचे आणि आत कधी यायचे नाहीत. चपला काढायच्या की नाहीत ते कळत नाही, म्हणायचे.

पहिल्या दिवशी तुम्ही भूमीला नमस्कार करायला शिकवलंत. हात फिरवून खाली बसायचं, जमिनीला स्पर्श करायचा, तो डोळ्यांना लावायचा. "आपण हिच्यावर पाय आपटणार आहोत," तुम्ही म्हणालात, "म्हणून आधीच माफी मागून ठेवायची." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आईला करून दाखवलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "जमिनीची माफी मागतीस, मंग माझीबी माग. पुसती तर मीच न तिले." तेव्हा मला आईचा राग आला होता. आता वाटतं, तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. जमिनीची माफी तुम्ही रोज मागायचात, अगदी न चुकता. माणसाची मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

मग अरमंडी. गुडघे दोन बाजूंना वळवून अर्धं बसायचं, पाठ ताठ, नजर समोर, आणि तसंच राहून तळवा उचलून जमिनीवर मारायचा. उजवा, डावा, उजवा, डावा. तैय्या तै, तैय्या तै. ही पायांची बाराखडी, तुम्ही म्हणायचात, हिच्याशिवाय पुढचं सगळं हवेत. मांड्या पेटायच्या, घामानं फरशीवर पायांचे ठसे उमटायचे. पहिले काही महिने मी दुसऱ्या रांगेत होते आणि मला तो त्रास फार हवासा वाटायचा. चाळीच्या ओट्यावर, नळाच्या रांगेत, कुठेही उभी असले तरी माझे गुडघे आपोआप बाहेर वळायचे. नळावरच्या बायका हसायच्या. हसू देत, मला वाटायचं, एक दिवस याच बायका पहिल्या रांगेत बसून मला बघतील.

तुम्ही समोर चटईवर बसायचात. पुढ्यात शिसवी ठोकळा आणि हातात बोटभर जाड काठी. ती काठी ठोकळ्यावर पडली की आमचे पाय पडायचे. एका संध्याकाळी तुमचं मनगट दुखत होतं. तुम्ही रांगेवरून नजर फिरवलीत आणि मला बोलावलंत. "तू ये गं. धर ही काठी." मी धरली. आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच एक कारखाना होता, तिथल्या मशीनचा ठेका मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. माझा हात तासभर जराही इकडेतिकडे झाला नाही. तुमचा चेहरा खुलला. मला वाटलं, शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी तुमचं मनगट बरं होतं, तरी तुम्ही म्हणालात, "आजही तूच बस." तिसऱ्या दिवशी तुम्ही काही म्हणाला नाहीत, माझी चटईच आधी घातलेली होती. त्यानंतर मी उठलेच नाही. मोजायला गेलं तर माझ्या लहानपणातला मोठा तुकडा त्या चटईवर गेला.

आई एकदा बाजारातून येताना तुमच्या फाटकाशी थांबली होती. तिनं सरळच विचारलं, "बाई, माझ्या पोरीले काबरं बसाडलं तुम्ही? ती कधी नाचीन?" तुम्ही किती गोड हसलात. "अहो, लय सगळ्यात मोठी. जिच्या हातात लय बसली, तिच्या पायात नाच आपोआप येतो." रस्त्यानं आई बाजाराची पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली. मग म्हणाली, "आपोआप तं गवत येतं." तुमचं खरं कारण मला पुढे कळलं. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले होते आणि तुम्ही मागच्या ओट्यावर कुणाच्या तरी आईला सांगत होतात, "तिच्यात पुढे उभं करण्यासारखं काही नाही हो. रंग तसा, ठेवण तशी. पण हात सोन्याचा आहे." हातातलं फुलपात्र मी विसळून पालथं घातलं आणि येऊन ठोकळ्यावर बसले. माझा सोन्याचा हात त्या दिवशीही हलला नाही. कशासाठी हलला नाही कोण जाणे. हलायला हवा होता.

बसून बसून मी सगळं शिकले. कुणी शिकवलं नाही, बघूनच शिकले. चाळीत आल्यावर दार लावून तुमचा एकेक अडवू, पावलांचा एकेक धडा, करून बघायची. पुढे मोठी झाल्यावर कारखान्यात पॅकिंगला लागले आणि सुट्टीच्या दिवशी वापीला दुसऱ्या एका बाईंकडे नाच शिकायला गेले. त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "जे येतं ते दाखव." मी जीव ओतून दाखवलं. त्या बघतच राहिल्या. कौतुकानं नाही, गोंधळून. "सगळं बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या, "पण सगळं डाव्या पायानं कसं?" तुमच्या लक्षात आलं का, बाई? मी पोरींच्या समोर बसायची. त्यांचा उजवा पाय माझ्या डाव्या हाताला. पोरी उजवा मारायच्या आणि माझ्या अंगात डावा मुरायचा. नाच उजव्या पायानं सुरू होतो, ही पहिल्या दिवसाची गोष्ट, पण उभं राहणंच बंद झालं तेव्हा ती पुसून गेली, आणि मी अख्खा नाच आरशातल्यासारखा उलटा शिकले. ते सरळ करायला मला किती रडावं लागलं! वाढलेल्या अंगातून पाय बदलणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हातानं जेवायला लावणं. वापीच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडे शिकलीस?" मी तुमचं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमची लाज गेली असती, म्हणून नाही. तुम्हाला गुरू म्हणावं लागलं असतं, म्हणून.

रांधा गावात माझ्या एका विद्यार्थिनीच्या नात्यात लग्न होतं, तिथे वारली बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून तारपा फुंकणाऱ्याभोवती फिरताना पाहिल्या. वाजवणारा त्यांच्यातच चालत होता. वळत होता, वाकत होता, त्याचेही पाय नाचत होते. त्याला कुणी चटईवर बसवून ठेवलं नव्हतं. मी तिथे मांडवात जेवता जेवता रडले, आणि बायकांना वाटलं मिरची लागली.

पण ठोकळ्यावर बसवलंत म्हणून मी एवढी वर्षं डूख धरला, असं समजू नका. ते कदाचित सोडलंही असतं. सोडलं नाही ते त्या कार्यक्रमाचं. तुमच्या क्लासचा तो मोठा कार्यक्रम, गावातला हॉल भरलेला, पहिल्या रांगेत सगळे साहेब. पोरींचे नाच झाले आणि शेवटी तुम्ही स्वतः उभ्या राहिलात. कित्येक वर्षांनी नाचत होतात. तुमच्या लेकीला तेव्हा बाजूच्या पडद्याआडून तुम्ही देवीसारख्या दिसल्या असाल. मला तुमचे पाय दिसत होते. पहिली गती छान झाली, एका ठोक्याला एक पाऊल. दुसरी झाली, एका ठोक्याला दोन. तिसरीत एका ठोक्याला चार. ठोका तोच ठेवायचा, पाय तेवढे दुप्पट होत जायचे, आणि ठोका ढळला की सगळं ढासळतं, हे तुम्हीच शिकवलेलं. "काठी कुणाचं ऐकत नाही," हा तुमचा नियम. "नाचणारी चुकली तर चुकू दे. काठी तिच्यामागे धावली तर दोघी गेल्या." आणि मग तुमची हनुवटी वर गेली. श्वास कोंडला गेला. टाळ्यांनी अंगात वारं शिरलं आणि तुम्ही पळायला लागलात. तुमचा पाय माझ्या ठोक्याच्या आधी पडला, पुन्हा आधी पडला. आणखी दोन-चार ठोके मी जागेवर राहिले असते तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते ऐकू गेलं असतं.

मी राहिले नाही. मी तुमच्यामागे धावले. एवढीशी पोर, नियम मोडला, हात मोकळा सोडला आणि तुमच्या प्रत्येक पावलाखाली माझा ठोका सरकवला. संपलं तेव्हा माझं मनगट जळत होतं, आणि हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. आबांनी पाळी बदलून घेतली होती, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टाळ्या वाजवून त्यांचे तळवे लाल झाले होते. ते पहिल्यांदा आत आले, पडद्यामागे, सगळ्या पोरी आणि त्यांचे आईवडील उभे होते तिथे. कुणीतरी मोठ्या बाई म्हणत होत्या, शेवटी जरा घाई झाल्यासारखं वाटलं का? आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मला वाटलं, आता. आता सांगतील. तुम्ही म्हणालात, "हिचा हात पळाला ना तिसऱ्या गतीत. लहान आहे. मी कसंबसं सांभाळून घेतलं, नाहीतर फजितीच होती."

आबांनी हात जोडले. "चुकलं पोरीचं, बाई," ते म्हणाले. "माफ करा."

हे मी अजून बघते आहे. भांडी घासताना, रिक्षात बसताना बघते. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या, त्यातून आलेले ते दोन लाल तळवे, तुमच्यासमोर जोडलेले. तुम्ही "असू दे, असू दे" म्हणालात. तुम्ही माफ केलंत! सायकलवर घरी येताना मी आबांना सांगितलं, माझा हात नव्हता पळाला, बाईंचे पाय पळाले. ते चढ चढत होते. पेडल मारता मारता म्हणाले, "बाई कशाले खोटं बोलतीन?" त्यानंतर मी त्यांना कधी सांगितलं नाही. आबा आता नाहीत. पोरीचा हात पळाला होता, हीच समजूत घेऊन ते गेले. तुम्हाला काय शाप द्यावा ते मला अजून सुचलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही कॅसेट आणलीत. ठोकळाही माझ्या हातून गेला. वर्षभरात साहेबांची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा मला बोलावून तुम्ही तो शिसवी ठोकळा माझ्या हातात दिलात. "ठेव. आठवण." एवढंच. तुमच्या डोळ्यांत काहीतरी होतं, असं कुणी म्हणेल. हीच बाईंची माफी, असंही म्हणेल. मी म्हणत नाही. माफी तोंडानं मागतात आणि माझ्या बापासमोर मागतात. तुमचा ठोकळा कुठे आहे सांगू? माझ्या वॉशिंग मशीनचा मागचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली. चिंध्या, साबणाचं पाणी आणि झुरळं. आल्यागेल्याला दिसत नाही, पण मला माहीत असतं. कपडे लावले की तो घुमायला लागतो आणि मला बरं वाटतं.

आता तुमच्या नातीचं सांगते. पोर वाईट नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं आणि मला त्याचा वैताग आला. इथल्या पोरींसारखीच तिची भाषा म्हणजे भेळ. "टीचर, मेरा पाय आपोआप आगे भागता है, मी काय करू?" असं पहिल्याच महिन्यात स्वतःहून म्हणाली. तिसऱ्या गतीला आली की तिची हनुवटी वर जायची, श्वास कोंडायचा, आणि मी ओळखायचे, आता ही पळणार. तुमचं रक्त होतं ते बरोबर तिथेच उतरलं होतं. माझ्या क्लासमध्ये ठोकळ्यावर पोरी पाळीपाळीनं बसतात, कुणालाही सलग दुसऱ्या दिवशी तिथे बसू देत नाही. कुणाची लय पळाली तर मी ठोका जागेवर ठेवते आणि तिला परत आणते. सगळ्यांना असंच शिकवते. फक्त तिला नाही. दिवाळीच्या आधी आमचा कार्यक्रम ठरला, आणि मी तिला एकटीचा नाच दिला, शेवटी तिसऱ्या गतीचा लांबलचक तुकडा. तुमची लेक हरखली. "आईला किती आनंद झाला असता!" म्हणाली. पावसाळाभर मी त्या पोरीची तालीम घेतली. ती पळाली की मी तिच्यामागे धावायचे. अगदी अलगद, तिला कळूही न देता, जशी तुमच्यामागे धावले होते तशी. "आता नाही ना भागत, टीचर?" ती विचारायची. "नाही," मी म्हणायचे, "मस्त झालं." तिला वाटलं, जमलं. कार्यक्रमाच्या दिवशी मी धावणार नव्हते. हॉल भरलेला असेल, तुमची लेक पहिल्या रांगेत असेल, आणि तुमच्या रक्ताचे पाय उघड्यावर पळतील. काठी जागेवर राहील. तुमचाच नियम, बाई.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी मी मशीन तिरकं करून तुमचा ठोकळा काढला. माझा रोजचा ठोकळा आंब्याच्या लाकडाचा आहे, चांगला आहे. पण मला हे तुमच्याच ठोकळ्यावर करायचं होतं. विटेचा तुकडा लावायचं राहून गेलं, त्यामुळे कपडे पिळताना मशीन मोरीतून नाचत नाचत पार दारापर्यंत आलं, आणि शेजारीण धावत आली.

आमलीतला छोटा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, डबे घेऊन आलेले आईबाप, पाळीवरून थेट आलेले काही जण अजून कारखान्याच्या कपड्यांत. तुमच्या नातीनं भूमीला नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी सुरू केलं. पहिली गती, दुसरी गती. पोर गोड नाचत होती. तिसरी आली. काही आवर्तनं झाली आणि हनुवटी वर गेली. मी काठी घट्ट धरली. तिचा पाय माझ्या ठोक्याआधी पडला. मग आणखी आधी. दोन वेगळे आवाज, खट आणि थप, सगळ्या हॉलला ऐकू येत होते. तुमच्या लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू मला बसल्या जागेवरून उतरताना दिसलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. पावसाळाभर मी तिच्याबरोबर धावले होते, आज मी येत नव्हते. तिच्या डोळ्यांत सरळ सरळ भीती होती. आणि बाई, मला गोड वाटलं. लपवत नाही, गोड वाटलं.

मग ती थांबली. पळून गेली नाही, रडली नाही, उठलीही नाही. अरमंडीत बसलेली, हात छातीशी, मांड्या थरथरत होत्या, आणि ती नुसती ऐकत होती. एक अख्खं आवर्तन माझी काठी एकटीच वाजत राहिली. हॉल शांत. त्या वेळात मला काय काय झालं ते नीट सांगता येत नाही. हे करता येतं, हेच मला माहीत नव्हतं. पळणाऱ्या बाईला थांबता येतं, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्हाला त्या दिवशी थांबता आलं असतं का? आता कधीच कळणार नाही, कारण मी तुमच्यामागे धावले. आवर्तन संपलं आणि तिनं उजवा पाय उचलला. तो बरोबर माझ्या ठोक्यावर पडला. शेवटपर्यंत एकही पाऊल सुटलं नाही. लोकांना वाटलं, मधली ती शांतता बसवलेलीच होती. अशा टाळ्या आमच्या त्या हॉलमध्ये मी ऐकल्या नव्हत्या.

पडद्यामागे ती धावत आली, काजळ गालावर, आणि माझ्या पाया पडली. "टीचर, मैं तो गई थी! मी पळाले, पण तुम्ही नाही हलल्या. तुम्ही मला सांभाळून घेतलं ना?" मी काही बोलायच्या आत मागून तुमची लेक आली, डोळे पुसत. "अगदी आईसारखं सांभाळलंस गं हिला. आठवतं, त्या वर्षी तुझा हात पळाला होता, तेव्हा आईनं कसं सांभाळून घेतलं होतं?"

हीच ती वेळ होती, बाई. माझं वाक्य तयार होतं, इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. हात माझा पळाला नव्हता, पाय तुझ्या आईचे पळाले होते आणि सांभाळलं मी होतं. ऐकायला तुमची लेक होती, तुमची नात होती. जिभेवर आलेलं वाक्य. पण ती पोर माझा काठीचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि ते वाक्य बोलायचं तर त्याच्या मागोमाग पावसाळ्यातलं दुसरंही बोलावं लागलं असतं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "हो," मी लेकीला म्हटलं, "आठवतं." आणि पोरीला म्हटलं, "हो. सांभाळून घेतलं."

तिकडे बोलता आलं नाही, म्हणून हे इथे लिहिलं. ठोकळा मशीनखाली परत गेला, हा कागदही त्याच्याबरोबर तिथेच जाईल. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. पडद्यामागे पोरींच्या मेकअपसाठी मोठा आरसा लावलेला होता आणि मी त्याच्यासमोरच उभी होते. "सांभाळून घेतलं" म्हणताना माझी हनुवटी वर गेली होती. मी बघितली.